निफाडच्या थंडीत पहाटे बागेत घालायला हाताने विणलेला स्वेटर: लोकर कुठली, वीण कुठली?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी,

माझं माहेर पिंपळगाव बसवंतजवळ, निफाड तालुक्यात. द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे चारलाच बागेत जातात. ठिबक सुरू करायचं, बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर ओळींमधून पसरतोय ना ते बघायचं. फुगवणीच्या वेळी थंडीचा तडाखा बसला तर मण्यांची वाढ थांबते, तयार मालाला तडे जातात. वर्षभराची मेहनत त्या चार-दोन पहाटांवर असते. निफाडची थंडी बाकीच्यांना कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, पेपरात छापून येणारा आकडा म्हणून माहीत असते. अण्णा ती उभ्याने काढतात.

स्वेटर त्यांच्याकडे आहेत, सगळे विकतचे. शेकोटीची ठिणगी उडाली की भोक. भोकाच्या कडा टणक आणि काळ्या. गेल्या हंगामातल्या स्वेटरची उजवी बाही तर कोपरापर्यंत अशीच झालीय.

यंदा मी स्वतः विणून देणार आहे. विणकाम येतं मला, पण आजवर बाळांची टोपडी, मोजे आणि छोटे स्वेटर एवढंच केलंय. मोठ्या माणसाचा, तोही कामाचा स्वेटर विणायचा तर लोकर कुठली घ्यावी? बाह्यांचा की बिनबाह्यांचा? वीण कुठली?

हाताने विणलेले स्वेटर कौतुकाने घेतात आणि कपाटात ठेवून देतात, असं सगळेच म्हणतात. मला वाटतं, घालणाऱ्याचा दिवस कसा जातो हे न बघता विणलेले स्वेटर कपाटात जातात. म्हणून आधी विचारतेय, मग टाके घालेन.

सुलटउलट

द्राक्षवेलताई, भोकाच्या कडा टणक होतात म्हणालात ना, म्हणजे ते ॲक्रिलिक आहे. आपल्याकडे दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की समोर येणारे बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचेच असतात. स्वस्त, रंग झकास, धुवायला सोपे, कसर लागत नाही. लहान मुलांच्या शाळेच्या स्वेटरला मीही तेच वापरते. पण विस्तवाजवळ ते चालणार नाही. ॲक्रिलिक वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. मेंढीची लोकर वितळत नाही, सहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढीच जागा करपते आणि करपणं तिथेच थांबतं. काळा भाग नखाने खरवडला की भुगा होऊन पडतो, आतली वीण बऱ्याचदा शाबूत असते.

घेण्याआधी परीक्षा करा. वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याचं भांडं ठेवून काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि बोटाने चुरडेल अशी राख उरली तर ती लोकर. धागा आक्रसत गेला आणि टोकाला कडक मणी उरला तर ॲक्रिलिक. मिश्र धाग्यात दोन्ही थोडंथोडं दिसतं.

वीण वगैरे नंतर लिहिते. अण्णांची छाती किती, उंची किती ते कळवा.

विमाननगरकर

एक सरळ प्रश्न. आता डिसेंबर लागलाय. मोठ्या माणसाचा स्वेटर हाताने विणायला किती वेळ जाईल? तोवर थंडी संपेल. एक चांगलं जॅकेट आणि आत थर्मल, दोन दिवसांत घरपोच. अण्णांनी तोवर कुडकुडत का राहायचं?

द्राक्षवेल

@विमाननगरकर, जॅकेट आहे हो, माझ्या भावाने आणलेलं. वरून नायलॉन. पहिल्याच आठवड्यात खांद्यांची चाळण झाली. शिवाय वाकलं की ते कुरकुर वाजतं, म्हणून अण्णा ते काढून कुंपणावर टांगतात आणि जुना स्वेटर चढवतात.

@सुलटउलट, छाती ४० इंच. बाकीची मापं आईकडून मागवते.

विमाननगरकर

ठिणग्यांचा मुद्दा मान्य. वेळेचा मुद्दा अजून उभा आहे.

लोकलवाली

वेळेवर मी बोलते. बोरिवली ते चर्चगेट, लेडीज डबा. मुंबईत आम्हाला स्वेटर लागतच नाही, पण आमच्या डब्यात बारा महिने विणकाम चालतं. कुणाचा भाचा दिल्लीत, कुणाची नणंद नाशकात, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली. रोज जाता-येता तास-तास मिळतो. जाडसर लोकर असेल तर एवढ्यावर महिन्या-सव्वा महिन्यात मोठा स्वेटर उतरतो. ताई, तुम्ही घरीही थोडा वेळ काढलात तर मकरसंक्रांतीच्या आत अण्णांच्या अंगावर असेल.

आणि लांब सरळ सुया घेऊ नका, वायरची गोल सुई घ्या. तिच्यावर मागे-पुढे सपाटही विणता येतं. स्वेटरचं सगळं वजन मांडीवर येतं, मनगटं दुखत नाहीत. गर्दीत शेजारणीच्या बरगडीत सुई जात नाही, हा आमच्यासाठीचा जादा फायदा.

रानजाई

लोकलवाली, आमच्या डब्यात एक काकू उभ्याने विणायच्या. गुंडा पर्समध्ये, धागा चेनमधून बाहेर. दादरला गर्दीत धागा कुणाच्या तरी बांगडीत अडकायचा आणि अख्खा डबा 'थांबा, लोकर आहे' म्हणून ओरडायचा. :)

नागपुरी_संत्रा

निफाडला थंडीचा मान आहेच, पण आम्हालाही विसरू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. उन्हाळ्यात ४५ सोसणारं शहर ते! त्या दिवशी मी आईने विणलेला मरून स्वेटर घातला होता. कॉलेजात असताना मला तो जुनाट वाटायचा. आता बाकी सगळे स्वेटर त्याच्या मागे.

आमच्याकडे हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरतो. खूप जणांना वाटतं की तिथला सगळा माल हाताने विणलेला असतो. तसं नाही. बहुतेक माल लुधियानाचा, मशीनवरचा. विचारलं की त्या बायका स्वतःच सरळ सांगतात. हाताने विणलेलं हवं तर टोप्या आणि मोजे बघा, त्यात कधीकधी मिळून जातं.

माणदेशी

सगळे स्वेटरच्या मागे लागलेत. अण्णांच्या घरात घोंगडं नाही का? आपल्या पठारावरच्या थंडी-पावसाचं उत्तर आपल्याच मेंढीने कधीच देऊन ठेवलंय.

माझं घर मेंढपाळाचं. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा. लोकर पिंजायची, बायांनी सूत कातायचं, सणगरांनी, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांनी, खड्डामागावर विणायचं, वरून चिंचोक्याची खळ द्यायची. असं घोंगडं पावसात डोक्यावर घेतलं तर पाणी वरून घरंगळून जातं, आणि शेकोटीशेजारी अंथरून झोपलं तरी ठिणगीची भीती नाही. आज त्या लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरी पदरची द्यायची आणि लोकर बांधावर टाकून पुढे जायचं, हे मी डोळ्यांनी बघतोय. तुम्ही इतक्या विणणाऱ्या बाया इथे आहात. परदेशी मेंढीची लोकर शोधण्याआधी एकदा आमच्या मेंढीकडे बघा.

सुलटउलट

माणदेशीदादा, तुमचं दुखणं कळतं. पण दख्खनी लोकरीचा अंगाला लागणारा स्वेटर मी कुणाला सुचवणार नाही. कारण तंतूच्या जाडीत आहे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टेकला की वाकत नाही, त्याचं टोक रुतून बसतं. आपण म्हणतो लोकर टोचते, ती अशी. मेरिनो मेंढीची लोकर १८ ते २४ मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून ती मऊ. दख्खनी लोकर याहून बरीच जाड, त्यात केसासारखे तंतूही असतात. घोंगड्याला तीच तिची ताकद. गळ्याशी आणि मनगटाशी मात्र माणूस दिवसभर खाजवत बसेल.

माणदेशी

आमचे म्हातारे जन्मभर खांद्यावर घेऊन फिरले, कुणी खाजवताना दिसलं नाही. अंगात कुडतं असतं ना. आणि सगळी लोकर एकसारखी नसते. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. त्याचं घोंगडं हातात घेऊन बघा, मग बोला. जावळाच्या घोंगड्याला लोक आजही आगाऊ सांगून ठेवतात.

सुलटउलट

जावळाचं सूत हातविणीला मिळत असेल तर मी आनंदाने घेईन, मनापासून सांगते. सूत एकसारखं, दोन पदरी पिळलेलं हवं. एकपदरी असेल तर सुईवर तुटतं. कोण कातून देईल का? मला निरोप करा. स्वतःसाठी जाकीट विणून बघते, कॉलर आणि मनगट मेरिनोचं, बाकी जावळाचं.

माणदेशी

आई कातते अजून. विचारून सांगतो.

उत्तरध्रुव

मिनेसोटातून. इथे जानेवारीत उणे २५ पाहिलंय, त्यामुळे लोकर हा आमच्या घरात रोजचा विषय. माणदेशी आणि सुलटउलट दोघांच्याही बाजूने एक उदाहरण देतो.

आइसलँडच्या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. आतला आखूड आणि मऊ, बाहेरचा लांब, राठ आणि पाणी झटकणारा. त्यांचा 'लोपी' धागा हे दोन्ही एकत्र ठेवून बनतो आणि त्याला पीळ जवळजवळ नसतोच. गळ्याभोवती गोल नक्षी असलेले त्यांचे प्रसिद्ध स्वेटर याच धाग्याचे. ही नक्षी फार प्राचीन असेल असं मला वाटायचं, पण ती विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली. म्हणजे राठ लोकर असूनही एका देशाने तिच्यातून आपला स्वेटर उभा केला, तोही अलीकडे. तो ते लोक शर्टावरच घालतात. टोचतो, आणि तरी घालतात.

अण्णांसाठी अजून एक मुद्दा. पहाटे बागेत दव असणार, ठिबकचं पाणी असणार. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. काम करून घाम आला की ॲक्रिलिकमध्ये तो अंगावरच राहतो, आणि माणूस थांबला की त्याच घामाने हुडहुडी भरते. इथे बर्फ उपसताना हे रोज अनुभवतो. त्यामुळे १०० टक्के लोकरच घ्या, निम्मं-निम्मं नको.

रानजाई

मध्येच विचारते. खरी लोकर म्हणजे कसर आलीच. आमच्याकडे आजीची शाल कसरीने पार खाल्ली. उन्हाळ्यात हे स्वेटर ठेवायचे कसे?

नागपुरी_संत्रा

डांबरगोळ्या. आईच्या ट्रंकेचा वास म्हणजे डांबरगोळ्यांचाच.

पिंपळपान

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, म्हणून इथे थांबवते. मोठ्यांच्या कपड्यांचं एकवेळ जाऊ द्या, पण बाळाचे स्वेटर, टोपडी, दुपटी डांबरगोळ्यांत ठेवू नका. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, कधी रक्त द्यावं लागतं. बाहेरून बघून कुठल्या बाळाला ही कमतरता आहे ते कळत नाही. थोरल्याचा स्वेटर धाकट्यासाठी ट्रंकेतून काढायचा आणि तसाच बाळाच्या अंगात घालायचा, ही आपल्या घरांमधली नेहमीची गोष्ट आहे, म्हणून इतकं ठासून लिहिते.

कसरीची अळी लोकर खाते, पण तिला घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर जास्त प्रिय. म्हणून स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. मध्ये एकदा काढून उन्हात झटका. शंका आली तर पिशवीसकट चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा.

आणि विणणाऱ्या सगळ्या आज्यांना विनंती. बाळाला आत सुती झबलं आणि वर लोकर, अशा क्रमाने घाला. झोपवताना टोपडं काढा. घरात बाळाला आपल्यापेक्षा एक थर जास्त पुरतो.

द्राक्षवेल

पिंपळपान, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बहिणीला आत्ताच फोन करते. तिच्या बाळासाठी काढलेले सगळे जुने कपडे ट्रंकेतलेच आहेत.

पिंपळपान

धुऊन, दोन-तीन दिवस बाहेर वाऱ्यावर टाकायला सांगा. वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला घालू नका.

जुनाजाणता

माझं वय ७१. विणकाम येत नाही, पण एक आठवण सांगावीशी वाटते. १९६२ ला चीनचं युद्ध झालं तेव्हा आपले जवान हिमालयात अपुऱ्या कपड्यांनिशी लढत होते. देशभर बायका त्यांच्यासाठी स्वेटर विणायला बसल्या. आमच्या वाड्यात दुपारी सगळ्या ओसरीवर जमायच्या. लोकर हिरवट रंगाची. माझी आई पाठ विणायची, शेजारच्या काकू बाह्या, आणि जोडायचं काम एका म्हाताऱ्या मावशींकडे, कारण त्यांची शिवण दिसायची नाही. मी गुंडे करायला लड हातांवर धरून बसायचो. हात खाली आले की आई नुसती बघायची, मी पुन्हा वर करायचो. तो स्वेटर कुणाच्या अंगावर गेला हे कुणालाच कळणार नव्हतं. तरी एक टाका सुटला तर आई चार ओळी उसवायची.

द्राक्षवेल, अण्णांचा स्वेटर तुम्ही बघून विणताय, मापाने विणताय. फार बरं वाटलं वाचून.

लोकलवाली

काका, उद्या डब्यात वाचून दाखवते हे.

नागपुरी_संत्रा

बाह्यांचं कुणीच बोललं नाही अजून. माझं मत बिनबाह्यांचा. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, हात मोकळे. आपल्याकडच्या पुरुषांना शर्टावर हाफ स्वेटरच आवडतो.

सुलटउलट

नाही पटत. हात मोकळे हवेत ते ऑफिसात. पहाटे चारला विस्तव सारायचा, व्हॉल्व्हचा गारठलेला लोखंडी दांडा फिरवायचा, तर मनगटापर्यंत झाकलेलं हवं. फक्त मनगटाची पट्टी घट्ट आणि लांब ठेवायची, म्हणजे बाही शेकोटीत लोंबत नाही आणि कोपरापर्यंत वर सारली तर तिथेच राहते.

माणदेशी

इथे मी ताईंच्या बाजूने. बाह्या पाहिजेतच.

द्राक्षवेल

आईकडून मापं आली, तिने एक गोष्टही सांगितली. नऊ वाजले की ऊन चढतं, दुपारी २७-२८ पर्यंत जातं. डोक्यावरून काढायचा स्वेटर असेल तर अण्णा टोपी-मफलर सोडायचा कंटाळा करतात आणि घामाघूम होऊन तसेच काम करतात. म्हणजे पुढून उघडा, बटणांचा. आणि खिसा पाहिजेच. काडेपेटी आणि छाटणीची कात्री दोन्ही मावली पाहिजेत, असं खुद्द अण्णांनी मागून ओरडून सांगितलं.

सुलटउलट

झालं तर मग, आता हिशेब. डीके, म्हणजे मध्यम जाडीची शुद्ध लोकर, ५५० ते ६०० ग्रॅम. सगळी एकाच वेळी, एकाच रंगक्रमांकाची घ्या, नाहीतर बाहीचा रंग पाठीला जुळत नाही. बॉर्डरला १० नंबरची सुई, अंगाला ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटर. आधी वीतभर चौकोन विणून धुवा, वाळवा आणि मग टाके मोजा. खरी लोकर धुतल्यावर सैलावते, ॲक्रिलिकच्या सवयीने अंदाज बांधू नका. ४ इंचांत २२ टाके आले तर पुढचं सगळं जुळेल.

छाती ४०, आत बंडी आणि शर्ट, म्हणून स्वेटर ४४ चा. पाठीला १२२ टाके, बॉर्डर दोन सुलट दोन उलट. पुढचे दोन भाग ५८-५८ टाक्यांचे, मधली बटणपट्टी नंतर एक इंच रुंदीची उचलायची.

वीण साधी सुलट ठेवा, खांद्यावर हवी तर साबुदाणा वीण. पीळ, फुगे, जाळी यातलं काही नको. मांडवाच्या तारांत आणि काड्यांत उठावाची नक्षी अडकणार. दोन रंगांची नक्षीही नको, आतून सुटे धागे जातात आणि घाईत बाही चढवताना बोटं अडकतात. रंग राखाडी किंवा मातकट. खिसे बाहेरून शिवू नका, विणतानाच आत सोडा. कात्रीच्या वजनाने ओघळू नयेत म्हणून आतून सुती कापडाचं अस्तर द्या.

धुवायचा कोमट पाण्यात, रिठ्याने. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवा वाळवायचा. दोरीवर टांगला तर अण्णांच्या गुडघ्यापर्यंत येईल. गरम पाण्यात घोळसला तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून घट्ट, जाड नमदा होतो, तो पुन्हा सुटत नाही. हे आईंना नक्की सांगा, धुणार त्याच.

विमाननगरकर

या चर्चेत मी वाद घालायला शिरलो होतो. आता विचारतो, अजिबात न येणाऱ्या माणसाने सुरुवात कशाने करावी? मफलर?

लोकलवाली

मफलर लांब असतो, कंटाळा येतो. टोपी करा. चार संध्याकाळी होते आणि लगेच डोक्यावर घालता येते. ८ नंबरची सुई, जाड लोकर, रंग फिकट घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत.

द्राक्षवेल

लोकर आली. राखाडी, शुद्ध. काडी लावून बघितली, केस जळल्याचा वास आणि चुरा राख. चौकोन विणून धुतला, बरोबर २२ टाके. पाठीचे १२२ घातले, बॉर्डर तीन इंच झालीय.

@सुलटउलट, मुंढ्यापर्यंत, म्हणजे बगलेपर्यंत, लांबी किती ठेवू आणि टाके कसे उतरवू? आईने खांद्याची रुंदी साडेसतरा इंच कळवलीय.

सुलटउलट

बॉर्डर धरून १६ इंच झाले की मुंढा. दोन्ही बाजूंना सुरुवातीला ६-६ टाके बंद, मग एक ओळ सोडून एकेक टाका, असं सहा वेळा. ९८ उरतील, म्हणजे जवळपास १८ इंच. साडेसतराला ते योग्य आहे, अण्णांना हात वर करून वेली बांधायच्या असतात. मुंढ्याची उंची १० इंच. तिथवर पोचलात की कळवा, खांद्याचा उतार सांगते.